चावी फिरवली की आधी दिवे मोजायचे

मंगळवार आणि शनिवार. २०२३च्या पावसाळ्यापासून आमच्या घरचं सगळं या दोन वारांवर चालतं. लग्नाची पत्रिका आली तरी आधी वार बघतो, मग तारीख. मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, त्या दिवशी बालाघाटला डायलिसिस असतं. लालबर्ऱ्याहून पंचवीसेक किलोमीटर. ऐकायला काहीच नाही.

बसनं जाणं जमतं, येणं जमत नाही. चार तास मशीनवर पडून उठलेल्या माणसाचं बीपी खाली येतं, पायात गोळे येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. डाव्या हाताला फिस्टुला केलेला. त्या हाताला कोणी धरायचं नाही, ओढायचं नाही, दाबायचं नाही. आणि बसच्या पायरीवर म्हातारं माणूस दिसलं की कोणीतरी प्रेमानं हात धरून वर ओढतोच, आणि नेमका तोच हात. म्हणून भाड्याची गाडी. थांबण्यासकट एका खेपेचे ११०० रुपये. महिन्याच्या आठ-नऊ खेपा. कार्डावर डायलिसिस मोफत, आणि नऊ-साडेनऊ हजार नुसते रस्त्याला.

तेही चाललं असतं. पण २०२४च्या दिवाळीआधी एका रात्री मामाजींना श्वास लागला. अंगात पाणी साठलं होतं. नेहमीचा ड्रायव्हर बाहेरगावी भाडं घेऊन गेलेला. फोनावर फोन करून एक गाडी मिळाली आणि ती दारात यायला सव्वा तास गेला. तेवढा वेळ मामाजी खाटेवर बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून, एकेक श्वास ओढत होते. बालाघाटला पोचल्यावर मशीन लागलं, पाणी निघालं, सगळं निभावलं. पण दुसऱ्या दिवशी मी घरात सांगून टाकलं, आता दारात आपली गाडी पाहिजे.

गाडी मी चालवते, हे इथे सांगून ठेवते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या घरच्यांचं खत-बियाण्याचं दुकान, ते सोडून त्यांना आठवड्यातून दोन दिवस जाता येत नाही. माझं शिवणकाम घरात, माझ्या सोयीनं. आणि माझे वडील भरवेलीच्या मॅंगनीज खाणीवर ड्रायव्हर होते. आमचं सगळं बालपण त्या खाणीच्या वसाहतीत गेलं. भावाच्या आधी मला त्यांनी जीप शिकवली, कारण भावाचे पाय क्लचला पोचत नव्हते आणि माझे पोचायचे. एवढंच कारण, त्यात स्त्रीमुक्ती वगैरे काही नव्हतं.

नवी घ्यायची की जुनी, यावर आमच्याकडे आठवडाभर बैठक चालली. ह्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. पाच लाखांचं कर्ज, पाच वर्षं, नऊ टक्के व्याज, तर हप्ता दहा हजार चारशेच्या आसपास. म्हणजे भाड्याला जाते तेवढीच रक्कम. मग नवीकोरी गाडी का नको? मी पण वळले होते त्या बाजूला. मामाजी तेवढ्यात ताकाची वाटी बाजूला ठेवत म्हणाले (त्यांना पाणी, ताक सगळं मोजून असतं), "माह्या नावानं पाच वर्साचा हप्ता नोको घेऊ. मी गेल्यावरबी तुमी भरतच राहाल. माह्यापेक्षा जास्त दिवस टिकनारी हप्त्याची वही घरात नोको."

त्यावर कोणीच काही बोललं नाही. शेतकऱ्याच्या घरी दरमहा हप्ता हे एरवीही अवघडच. पैसा वर्षातून एकदा येतो आणि बँकेला तो बारा वेळा पाहिजे असतो. त्या हंगामात साध्या धानाचा सरकारी भाव क्विंटलला २३०० रुपये होता. सोसायटीत घातलेल्या धानाचे पैसे, त्यातून खत-मजुरी वजा, अधिक माझी शिवणकामाची एफडी, असे मिळून दोन लाख वीस हजार निघत होते. त्यात जी येईल ती.

आमच्याकडची जुनी गाडी म्हणजे तीन दिशांनी येते. एक बालाघाटची, एमपी-५० नंबरची. दुसरी बाघ नदीपलीकडची, गोंदिया-भंडारा-नागपूरकडची. १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भ तिकडे गेला, आम्ही इकडे राहिलो, पण सोयरीक, दवाखाना आणि जुन्या गाड्या अजून त्याच पुलावरून येतात-जातात. आणि तिसरी दिल्लीची. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी आली, २०१५ला हरित लवादानं आणली, २०१८ला सुप्रीम कोर्टानं कायम केली, तेव्हापासून तिकडच्या गाड्या एनओसी घेऊन आपल्या छोट्या गावांकडे येऊ लागल्या. अशी एक डिझेल आम्हाला दीड लाखाला सांगितली होती. चालायला छान. पण डिझेलचा इंजेक्टर किंवा टर्बो गेला की गाडीच्या किमतीचा चौथा हिस्सा एका बिलात जातो, आणि आमच्याकडे राखीव म्हणून काही नव्हतंच. ती बघून सोडली.

मग सांगितली गुरुजींची. वारासिवनीकडच्या एका गावातले सेवानिवृत्त गुरुजी, २०१४ची पेट्रोल गाडी, चंदेरी, पहिलाच मालक, ६८ हजार किलोमीटर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगते त्यात कंपनीचा दोष काही नाही. मामाजींना सोबत नेलं होतं, कारण बसून त्यांनाच बघायचं होतं. सीट ना फार खाली, ना फार वर, पाठ मागे टेकवता येते, एसी थंड. ते समोर बसले आणि म्हणाले, "हे बरं हाय." माझं निम्मं काम झालं.

मी चावी फिरवली. इंजिन चालू करायचं नाही, नुसती चावी एक घर पुढे. हे वडिलांचं शिकवणं. ते म्हणायचे, "आधी दिवे मोज. पेटला पाह्यजे, मंग इझला पाह्यजे." त्यांच्या जीपला दिवे दोन-तीनच असत. या गाडीला नऊ मोजले. इंजिन चालू केलं, हँडब्रेक सोडला, पट्टा लावला. सात विझले. दोन राहिले. एक इंजिनाच्या आकाराचा पिवळा, आणि दुसरा गोलात एबीएस लिहिलेला, तोही पिवळा.

"हे किती दिवसांपासून आहे गुरुजी?"

"होईल दीड-दोन वर्षं. गाडी चालून राहिली बाई, म्हणून लक्ष नाही दिलं. लपवत नाही तुमच्यापासून. एक पंच्याण्णव सांगतो, काय ते बघून घ्या."

परत येताना घरचे म्हणाले, दोन-दोन दिवे पेटलेली गाडी आजारी माणसासाठी घ्यायची म्हणजे काय. दीर म्हणाले, अहो, ह्या दिव्यांना काही अर्थ नसतो, वायर काढून टाका, विषय संपला. आमच्याकडे प्रत्येक विषयात ही दोन टोकं असतातच. मामाजी मागून म्हणाले, "माह्या पायावर सूज आली तवाबी मी असाच म्हनलो होतो, चालून तं राहिलो ना. वायर काढता नाही आली, एवढाच फरक."

आता हे दिवे काय सांगतात ते थोडं लिहिते, कारण जुनी गाडी घेणाऱ्या बऱ्याच जणांना कोणी सांगत नाही. लाल दिवा म्हणजे थांब. तेलाच्या बुधलीचा लाल दिवा गाडी चालताना पेटला तर दवाखाना समोर दिसत असला तरी आधी इंजिन बंद करायचं. तेलाचा दाब नसताना इंजिन काही मिनिटांत खराब होतं. पिवळा म्हणजे दाखवून घे. इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असेल तर गाडी बहुतेक वेळा घरी नेते. तोच लुकलुकत असेल तर एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही, ते तसंच पुढे जाऊन सायलेन्सरच्या वाटेवरचं महागडं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं. एबीएसचा दिवा लागला म्हणजे ब्रेक गेले असं नाही. साधे ब्रेक लागतात. पण ओल्या रस्त्यावर जोरात दाबला तर चाक जाम होऊन गाडी घसरू शकते. आणि एअरबॅगचा दिवा लागून राहिला तर एअरबॅग उघडेलच याचा भरवसा नाही. आपल्याकडे सगळ्या नव्या मोटारींना एबीएस एप्रिल २०१९ पासून आणि ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या गाड्यांत ही दोन्ही वरच्या मॉडेललाच असायची. तेव्हा दिवा नाही म्हणजे बिघाड नाही, की मुळात ती वस्तूच नाही, हे आधी विचारायचं.

आणि आणखी एक असतं. दिवा आहे, वस्तूही आहे, पण दिवा पेटतच नाही.

ही दुसरी गाडी आम्ही बाघ नदीपलीकडे बघितली, जुन्या गाड्या विकणाऱ्या एका ठिकाणी. पांढरीशुभ्र, २०१५ची, एमएच नंबर, दोन लाख पाच हजार. आत अत्तराचा वास. घरचे बघताक्षणी खूश. विकणारा मुलगा बोलायला गोड. "मॅडम, एकपण लाइट नाही बघा. फुल कंडिशन." खरंच नव्हता. इंजिन चालू, समोर सगळं काळंभोर.

मी गाडी बंद केली आणि चावी परत एक घर फिरवली. मोजले. स्टिअरिंगच्या मधोमध एअरबॅग लिहिलेलं, समोर डाव्या बाजूला पण लिहिलेलं. पण चावी फिरवल्यावर सगळे दिवे आले, आणि एअरबॅगचा आलाच नाही. मी परत बंद केली, परत फिरवली. नाही.

"हा दिवा का येत नाही?"

"मॅडम, प्रॉब्लेम असला तरच येतो ना तो."

नाही. निरोगी गाडीतही तो दिवा चावी फिरवल्यावर काही सेकंद येतो आणि मग जातो. गाडी स्वतःला तपासते आणि तुम्हाला कळवते, मी तपासलं. जो दिवा येतच नाही त्याचा बल्ब काढलेला असतो, नाहीतर वायर कापलेली, नाहीतर वर काळी पट्टी.

माझ्यासोबत भाचा होता, भावाचा मुलगा, नागपूरला नोकरीला आहे. त्याच्याकडे काडेपेटीएवढं एक यंत्र होतं. स्टिअरिंगखाली खोबणी असते, तिथे ते लावायचं, मोबाइलवर गाडीच्या आतलं दिसतं. २०१३च्या एप्रिलपासूनच्या आपल्या मोटारींत ही सोय असते. यंत्र हजार-बाराशेला मिळतं आणि दोन लाखांची गाडी घेताना हजार रुपये कोणी खर्च करत नाही, हे मला अजून कळलेलं नाही. असो. मोबाइलवर आलं, दोष एकही नाही. विकणारा मुलगा हसला. भाचा हसला नाही. तो म्हणाला, "आत्या, हे बघ. कोड पुसल्यापासून गाडी चालली किती, तर अकरा किलोमीटर. आणि आतल्या तपासण्या सगळ्या अपूर्ण दाखवते."

म्हणजे काय, तर गाडीची आठवण नुकतीच पुसलेली. बॅटरीची तार काढली किंवा यंत्रानं कोड पुसले की इंजिनाचा पिवळा दिवा जातो. पण दोष जात नाही. गाडी पन्नास-शंभर किलोमीटर चालली, थंड-गरम झाली, की ती परत तपासते आणि दिवा परत येतो. तोवर गिऱ्हाईक पैसे देऊन घरी पोचलेलं असतं.

मग भाच्यानं ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढला. पट्ट्याच्या तळाशी कापडी चिठ्ठी असते, त्यावर पट्टा कधी बनला ते छापलेलं असतं. गाडी २०१५ची आणि दोन्ही पुढचे पट्टे २०१९चे. मोठी टक्कर झाली की एअरबॅग उघडते आणि त्याच क्षणी पट्टाही आत खेचला जाऊन कामातून जातो, म्हणून दोन्ही बदलावे लागतात. इथे पट्टे बदललेले दिसत होते. एअरबॅगच्या जागी आत काय आहे हे त्या पांढऱ्या गाडीलाच माहीत. समोरची काचही बाकीच्या काचांच्या कंपनीची नव्हती.

मी भांडले नाही. "बघतो" म्हणून निघालो. घरच्यांना मात्र राग आला होता, माझ्यावर नाही, त्या अत्तरावर.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, गुरुजींची परत बघू. गुरुजींच्या गाडीचे दोन दिवे पेटलेले होते, पण पेटत तरी होते. त्यांना विचारावं तेवढं ती गाडी सांगत होती. इथे तर विचारायचीच सोय नव्हती. शिवाय कागदांचंही सोपं. पलीकडची गाडी म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८, इथे परत रोड टॅक्स, तिकडचा परत मिळवण्यासाठी अर्ज, मग नवा नंबर. गुरुजींची एमपी-५०चीच, फॉर्म २९ आणि ३०वर काम भागतं.

पुढच्या रविवारी भाच्याचं यंत्र गुरुजींच्या गाडीला लावलं. कोड आला पी-०१३५. सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर असतो, तो लवकर गरम व्हावा म्हणून त्यात छोटा हीटर असतो, त्या हीटरची वीज कुठेतरी तुटलेली. दिवा लागून गाडी ४३०० किलोमीटर चाललेली. पुसापुशी कधीच नाही. गुरुजी चष्मा लावून मोबाइलमध्ये बघत होते. "एवढं सगळं लिहून ठेवते का ही?" म्हणाले. हजेरीपटासारखं, असं भाचा म्हणाला, ते त्यांना आवडलं.

खरी अडचण एबीएसची होती. त्या स्वस्त यंत्राला एबीएसचा कोड वाचता येत नाही. वारासिवनीच्या मिस्त्रीला फोनवर विचारलं. तो म्हणाला, "भाभीजी, चाकाजवळचा सेन्सर असला तर अडीच हजार. मॉड्यूल गेला असला तर तीस हजाराच्या घरात. उघडल्याशिवाय मी नाही सांगत." मला तो माणूस तिथेच आवडला.

अडीच हजार की तीस हजार, आणि हे न कळता भाव कसा ठरवायचा? घरच्यांचं म्हणणं, तीस धरूनच बोलायचं, गुरुजींना काय कळतं, एक साठला तोडू. मग निघाला सेन्सर तर आपला फायदा. धंद्यातला माणूस असाच विचार करतो आणि त्याच विचारावर आमचं घर चालतं, म्हणून मी त्याला नावं ठेवत नाही. पण ज्या माणसानं स्वतःहून सांगितलं की लपवत नाही, त्याच्याशी मला तसं करायचं नव्हतं. मी गुरुजींना म्हटलं, आपण दोन भाव ठरवू. गाडी मिस्त्रीकडे नेऊ, तपासणीचे पैसे माझे. साधं काम निघालं तर एक लाख पंच्याऐंशी, मॉड्यूल निघालं तर एक पंचावन्न. गुरुजींनी वहीचं पान फाडलं, दोन्ही आकडे अक्षरात लिहिले, खाली सही केली, मला करायला लावली. अक्षर असं की फ्रेम करावी.

मिस्त्रीनं गाडी उचलली, खाली बॅटरी मारली आणि हसायला लागला. ऑक्सिजन सेन्सरची वायर उंदरानं खाल्लेली. गुरुजी गाडी धानाच्या कोठीशेजारी उभी करत. थंडीत बोनेटखाली ऊब, शेजारी धान, उंदराला आणखी काय पाहिजे. आपल्या भागात निम्म्या गाड्यांची ही कथा असावी. वायर जोडायचे आणि जाळी लावायचे मिळून सातशे रुपये. एबीएससाठी त्यानं ओळखीच्या गॅरेजमधून मोठं स्कॅनर आणलं. मागचं डावं चाक निघालं. सेन्सरचं तोंड वाळलेल्या चिखलानं भरलेलं आणि वायर आतून तुटलेली. सेन्सर २४०० रुपये. मॉड्यूल ठीक.

एक पंच्याऐंशी ठरले.

ज्याला दिवा नव्हता ते मात्र महाग पडलं. टायरच्या कडेला चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. चारही टायरवर ३२१९, म्हणजे २०१९चा बत्तिसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण कडांना बारीक भेगा. गाडी कमी चालते तेव्हा टायर झिजत नाही, वाळतो. अठरा हजार गेले. बॅटरीही त्याच महिन्यात बदलली. थर्ड पार्टी विमा, या इंजिनाच्या वर्गाला वर्षाचे ३४१६ अधिक कर. माझं बजेट तिथे संपलं, अगदी काठाला. आणि २०२९ला गाडीला पंधरा वर्षं होतील, तेव्हा पाच हजार फी आणि फिटनेस करून पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदणी. ते मी आत्ताच वहीत लिहून ठेवलंय.

नाव बदलायची घाई मला होती त्यापेक्षा गुरुजींना जास्त. गाडी विकली पण कागदावर नाव तुमचंच राहिलं, आणि अपघात झाला, तर भरपाई कागदावरच्या मालकाकडे मागितली जाते. २०१८ला सुप्रीम कोर्टानं तसाच निकाल दिलाय. गुरुजींना तो माहीत होता. ऑनलाइन अर्ज झाला त्या दिवशी त्यांनी पावतीची झेरॉक्स मागून घेतली आणि मगच गाडीची दुसरी चावी दिली. मला ते फार पटलं. तुम्हीही विकाल तेव्हा असंच करा, समोर सख्खा मेहुणा असला तरी.

मिस्त्रीकडून गाडी घेतली त्या दिवशी वाटेत एक मोकळा रस्ता बघून मी ताशी चाळीसला जोरात ब्रेक दाबला. पायाखाली पॅडल थरथरलं, चाकं जाम झाली नाहीत. तो थरथरणं म्हणजे एबीएस काम करतंय. घरच्यांनी मात्र समोर डोकं आपटेल म्हणून आरडाओरडा केला. पट्टा लावला होता, काही झालं नाही.

जानेवारी २०२५ पासून गाडी दारात आहे. कोठीपासून लांब, कडुनिंबाखाली, आणि बोनेटमध्ये दर पंधरा दिवसांनी मी टॉर्च मारून बघते. त्या वर्षी दोनदा मध्यरात्री निघावं लागलं. दोन्ही वेळा तासाच्या आत बालाघाट. जुलैत एबीएसचा दिवा परत आला. मी मागच्या चाकाचा चिखल पाण्याच्या पाइपनं धुतला, वीस-तीस किलोमीटर चालवली, गेला. इंजिनाचा परत आलेला नाही. येईल कधीतरी, अकरा वर्षांची गाडी आहे.

मंगळवारी-शनिवारी सकाळी सव्वासातला मामाजी समोरच्या सीटवर बसतात, डावा हात मांडीवर मोकळा ठेवतात आणि मला चावी एका घरावर थांबवायला लावतात. डोळ्यांचा नंबर वाढलाय, तरी स्वतःच मोजतात. बोट पुढे करून, मोठ्यानं. मी चालू करते. ते परत मोजतात.

"नऊ आले. नऊ गेले. चाल बाई."